कुत्र्याचा डोळा किती लाल आहे यापेक्षा तो मिटतोय का ते बघा

प्रश्न: अंबाजोगाईजवळ आमची शेती आहे. घरी दोन वर्षांचं लॅब्रेडॉर-गावठी क्रॉस कुत्रं आहे. ज्वारीची काढणी चालू होती तेव्हा ते दिवसभर रानातच होतं. दुसऱ्या दिवसापासून डावा डोळा मिटून बसायलंय, पाणी गळायलंय. मेडिकलवरून माणसांचे थेंब आणून टाकले. दोन दिवस लाली कमी वाटली, आता बुबुळावर पांढुरका ठिपका दिसायलाय. शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या डोळ्यात लाल गोळा आला होता, तो त्यांनी कापून घेतला. तसंच काही आहे का? कुत्र्यांच्या डोळ्यांना काय काय होतं आणि घरी काय करावं, सविस्तर सांगा.

उत्तर:

आधी तुमच्या कुत्र्याचं बघू, बाकीचं नंतर. ते थेंब आत्ताच बंद करा. बाटली मात्र फेकू नका, कुत्र्यासोबत दवाखान्यात घेऊन जा. आणि हे आजच करा, रविवारची वाट बघू नका.

तुम्ही सांगताय ती लक्षणं लाल गोळ्याची नाहीत. रानात गेलेलं कुत्रं, एकच डोळा, तो मिटलेला, पाणी आणि मग पांढरा ठिपका. एवढं ऐकून मला आधी संशय येतो तो कॉर्नियाला जखम झाल्याचा, म्हणजे बुबुळाच्या पुढे जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो त्याला. जखम करणारी वस्तू अनेकदा अजून डोळ्यातच असते. ज्वारीची कूस, कुसळी गवताचं कुसळ, पाचटाचा तुकडा, नाहीतर बाभळीच्या काट्याचं टोक. मराठवाड्यात पावसाळा संपल्यावर गवत वाळायला लागलं की कुसळाचे डोळे सुरू होतात, आणि रब्बीची काढणी-मळणी आली की दुसरी लाट येते.

कुत्र्याच्या डोळ्याला तिसरी पापणी असते. नाकाकडच्या कोपऱ्यातून आडवी सरकणारी, फिकट गुलाबी. कचरा जाऊन बसतो तो नेमका तिच्या मागे, म्हणून मालकाने बॅटरी मारून कितीही बघितलं तरी डोळा स्वच्छच दिसतो. आम्ही डोळा बधिर करणारे थेंब टाकतो, मिनिटभर थांबतो आणि बोथट चिमट्याने ती पापणी अलगद वर उचलतो. तिच्या पोटात चिपडात गुंडाळलेलं, अर्धा सेंटिमीटरचं गवती रंगाचं कुसळ सापडतं. त्याला उलटे बारीक काटे असतात, त्यामुळे ते मागे येत नाही. पापणी प्रत्येक वेळी हलली की कॉर्नियावर घासतं. ते काढल्यावर पाच-दहा मिनिटांत कुत्रं डोळा उघडून तुमच्याकडे बघतं. आमच्या कामात इतक्या झटपट समाधान देणाऱ्या गोष्टी फार नाहीत.

जखम आहे की नाही हे कळण्यासाठी फ्लुरोसिन नावाच्या रंगाची कागदी पट्टी असते. केशरी टोकाची. सलाईनच्या एका थेंबाने ओली करून डोळ्याला टेकवायची, जादा रंग धुवायचा आणि निळ्या उजेडात बघायचं. कॉर्नियाचा वरचा थर शाबूत असेल तर रंग धरत नाही. थर निघालेला असेल तर तेवढी जागा हिरवीगार चमकते. तपासणी दोन मिनिटांची, पट्टीची किंमत किरकोळ. गावातल्या दवाखान्यात पट्टी नसेल तर माणसांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती असतेच, मागून आणा. ती लावल्याशिवाय लाल डोळ्यात कुठलेही थेंब टाकू देऊ नका, मग सांगणारा कुणीही असो.

आता तुमच्या थेंबांबद्दल. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण 'दोन दिवस लाली कमी झाली आणि मग पांढरं दिसलं' ही हकीकत मला ओळखीची आहे. मेडिकलवर लाल डोळ्यासाठी सर्रास जे थेंब मिळतात त्यांत अँटिबायोटिकसोबत स्टिरॉइड असतं. नावाच्या शेवटी डी, डीएक्स किंवा तसलं अक्षर असेल तर लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलंय का बघा. स्टिरॉइडने लाली ओसरते, सूज ओसरते, मालक खूश होतो. पण खाली जखम असेल तर ती भरणं थांबतं, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि कॉर्निया विरघळवणारी विकरं (एन्झाइम) जोर धरतात. कुत्र्याच्या कॉर्नियाची जाडी साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. एवढ्याशा पडद्यात खड्डा पडून आरपार जायला काही दिवस पुरतात, आणि काही जंतूंच्या बाबतीत एक दिवसही पुरतो. जखमेची कड शेंबडासारखी लिबलिबीत, पिवळट-पांढरी दिसायला लागली तर कॉर्निया विरघळतोय असं समजा. मग रात्री बारा वाजता का होईना, डॉक्टर गाठायचा.

साधी वरवरची जखम मात्र पाच-सात दिवसांत भरते. स्टिरॉइड नसलेलं अँटिबायोटिक, दुखणं कमी करायला ॲट्रोपिनचे थेंब, पोटातून वेदनाशामक आणि गळ्यात प्लास्टिकचा चोंगा, बस. ॲट्रोपिन कडू असतं. डोळ्यातून नाकात, नाकातून घशात उतरतं आणि कुत्रं तोंडाला फेस आणतं. 'डाक्टर, औषधाची रिॲक्शन आली' म्हणून फोन येतात. घाबरू नका, चव लागलीय त्याला. बाहुली मोठी होते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून सावलीत बांधा. जखम खोल असेल तर कुत्र्याच्याच रक्तातला सीरम काढून त्याचे थेंब करून देतो. ते फ्रीजमध्ये ठेवायचे आणि दर एक-दोन तासांनी टाकायचे. ऐकायला गावठी वाटतं, पण कॉर्निया विरघळवणाऱ्या विकरांना अडवायला ते चांगलं काम करतं.

भरल्यावर पांढरा डाग राहू शकतो. आपल्याकडे त्यालाच 'फूल पडलं' म्हणतात. जनावराच्या डोळ्यात फूल पडलं की मीठ-तंबाखू चघळून फुंकायची, काचेची पूड नाहीतर साखर घालायची, हे अजून चालतं. बैलाचे डोळे यात गेलेले आहेत आणि कुत्र्याचेही जातात. डाग म्हणजे वण. तो खरडून निघत नाही, वर नवी जखम होते. दुखत नसेल आणि दिसत असेल तर डाग तसाच राहू द्या.

तर माझं सांगणं एवढंच की कुत्र्याच्या डोळ्यात लाली बघू नका, कुत्रं डोळा मिटतंय का ते बघा. मिटतंय, पंजाने चोळतंय, भिंतीला घासतंय, उजेडात तोंड फिरवतंय, याचा अर्थ दुखतंय. दुखणारा डोळा आजचा. लाल आहे, चिपडं येतात, पण कुत्रं टक्क उघड्या डोळ्याने भाकरीकडे बघतंय, तो उद्याचा. याला एक-दोन अपवाद आहेत, ते पुढे येतील.

शेजाऱ्यांच्या कुत्र्याला जे झालं त्याला चेरी आय म्हणतात. तिसऱ्या पापणीच्या बुडाशी अश्रूंची एक ग्रंथी असते, ती जागेवरून निसटून वर येते. कोपऱ्यात लालभडक, गुळगुळीत, बोराएवढा गोळा दिसतो. बीगल, कॉकर, बुलडॉग, ल्हासा, शित्झू यांच्यात जास्त, आणि बहुतेक वेळा वय वर्ष-दोन वर्षांच्या आत. गावाकडे लोक 'वडस वाढलंय' म्हणतात आणि वडस म्हटलं की कापायचं, हे ठरलेलं. पण हा मांसाचा जादा तुकडा नाही. डोळ्यातल्या अश्रूंचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ही ग्रंथी बनवते. कापली की गोळा गेला, डोळा छान दिसतो, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तोच डोळा कोरडा पडतो. योग्य शस्त्रक्रियेत पापणीच्या आतच एक कप्पा करून ग्रंथी त्यात परत बसवतात आणि वरून शिवतात. काही वेळा पुन्हा निसटते, तेव्हा पुन्हा शिवायची. 'कापून टाकू, पाच मिनिटांचं काम' असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या दवाखान्यात चौकशी करता येते. शेजाऱ्यांना एवढा निरोप द्या की तो डोळा अधूनमधून दाखवत राहा.

काय दाखवायचं? कोरडा डोळा. याची गंमत अशी की नाव कोरडा आणि दिसायला चिपडांनी भरलेला. पाणीदार अश्रू नसल्यामुळे घट्ट, चिकट, पिवळट-हिरवं चिपड डोळ्याला चिकटून बसतं. मालक रोज पुसतो, अँटिबायोटिकचे थेंब टाकतो, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. असं महिनोन् महिने चालतं आणि तोवर कॉर्नियावर काळपट थर चढतो. तपासणी सोपी आहे: अश्रू मोजायची शर्मर पट्टी खालच्या पापणीत अडकवून एक मिनिट थांबायचं. 15 मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर ठीक, 10 च्या खाली गेली तर कोरडा, 5 च्या खाली म्हणजे फारच कोरडा. कारण बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथीवर उलटलेली असते. काही कुत्र्यांत डिस्टेंपर हा विषाणूचा आजार किंवा सल्फा गटाची औषधं कारणीभूत असतात. उपाय सायक्लोस्पोरिनचं मलम किंवा टॅक्रोलिमस. गुण यायला काही आठवडे लागतात आणि औषध बहुधा जन्मभर चालवावं लागतं. 'बरं झालं' म्हणून बंद केलं की दोन-तीन आठवड्यांत चिपडं परत.

पापण्यांचे दोष आपल्याकडे वाढलेत, कारण जिल्ह्याच्या गावांतही रॉटवायलर, पग, शित्झू यायला लागले. पापणी आत वळली की केस दिवसरात्र कॉर्नियावर घासतात. रॉटवायलर, लॅब्रेडॉर, ग्रेट डेन, बुलडॉग, शार पे यांच्यात हे दिसतं. पिल्लू लहान असेल तर नुसते तात्पुरते टाके घालून पापणी बाहेर ओढून ठेवतात. कायमची शस्त्रक्रिया चेहरा पूर्ण वाढल्यावर, नाहीतर नंतर पापणी उलटी बाहेर लोंबते. आणि अशा कुत्र्याची पैदास करू नका. पिल्लं विकून पाच-दहा हजार मिळतील, पण प्रत्येक घरात एक दुखणारा डोळा जाईल. आपली कारवानी किंवा पश्मी बघा, लातूर-नांदेडकडची. लांब तोंड, घट्ट बसलेल्या पापण्या. काट्याकुट्यातून सशामागे धावताना लागतं तेवढंच, जन्मजात पापणीची तक्रार घेऊन ती माझ्याकडे क्वचितच येते.

कुत्र्याच्या खालच्या पापणीला माणसासारखे केस नसतात. तिथे कडेवरून केस उगवलेले दिसले आणि डोळ्याला पाणी असेल तर ते आगंतुक केस आहेत. उपटले तर महिनाभरात परत येतात, मुळासकट जाळावे लागतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या पापणीच्या कडेवर चामखिळीसारखी गाठ येते. बहुतेक साध्या असतात, पण लहान असतानाच काढा. पापणीचा पाव ते तिसरा हिस्सा जाईपर्यंत कडा नुसत्या जोडून शिवता येतात. त्यापुढे कातडी फिरवून नवी पापणी करावी लागते. पापणीला गोचीड चिकटली असेल तर रॉकेल नको, कापूर नको. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. पापण्यांभोवतीचे केस झडून चष्म्यासारखं वर्तुळ दिसलं तर ते बहुधा डोळ्याचं नाही, कातडीतल्या किडीचं दुखणं आहे. कातडी खरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते.

गोचिडीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. आपल्या उन्हात आणि गोठ्यांच्या भिंतींच्या फटींत तपकिरी गोचीड बारा महिने जगते. तिच्यातून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात जातो, त्यालाच आपण गोचीडताप म्हणतो. ताप, भूक मंद, हिरड्या पांढऱ्या, कधी नाकातून रक्त. आणि कधी कधी पहिली खूण डोळ्यातच दिसते: डोळा आतून गढूळ, बुबुळासमोर रक्त साठलेलं, नाहीतर एका रात्रीत दिसेनासं झालेलं. अशा वेळी डोळ्याला कुणी मारलं का, असं शेजाऱ्यांना विचारत बसण्यापेक्षा रक्त तपासून प्लेटलेट बघा. डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं. पाचव्या दिवशी कुत्रं भाकरी खायला लागलं म्हणून थांबायचं नाही. आणि गोचिडीसाठी म्हशीचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचू नका. डोस जास्त झाला तर बाहुल्या मोठ्या होऊन कुत्रं आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, झोकांड्या खातं. काही सावरतात, काही दगावतात.

दोन्ही डोळ्यांत एकदम घट्ट चिपडं, नाकातून शेंबूड, खोकला, ताप, आणि पिल्लाला लस दिलेली नाही. हे डोळ्याचं दुखणं समजून थेंब टाकत बसू नका, डिस्टेंपरचा विचार करा. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात लस सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस द्यायचे असतात.

आता ते अपवाद. पहिला काचबिंदू. कधी कुत्रं डोळा मिटतं, पण कधी नुसतं सुस्त पडतं, डोकं दाबून बसतं आणि मालक म्हणतो 'उन्हानं मलूल झालंय'. डोळा लाल, कॉर्निया निळसर धूसर, बाहुली मोठी, उजेड मारला तरी आकसत नाही. डोळ्यातला दाब साधारण 10 ते 25 मिलिमीटर पारा असतो, तो याच्या दुप्पट होतो. एक-दोन दिवसांत दृष्टी कायमची जाऊ शकते. डोळा मोठा दिसायला लागल्यावर आणलं तर बहुतेक उशीर झालेला असतो. दुसरा अपवाद दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, हळूहळू सुकण्याचा. यात ना लाली, ना दुखणं. आधी रात्री दिसत नाही, अंधारात अंगणाची पायरी उतरायला कुत्रं थांबतं. लॅब्रेडॉर आणि कॉकरमध्ये हे आनुवंशिक आहे. उपाय नाही, पण घरातलं फर्निचर न हलवता अशी कुत्री सुखाने जगतात. तुम्हाला शंका असेल तर कापसाचा बोळा डोळ्यांसमोरून सोडा. आवाज नाही, वास नाही; दिसत असेल तर कुत्रं नजरेने त्याच्या मागे जातं.

मोतीबिंदूबद्दल फार लोक विचारतात, म्हणून थोडक्यात. सहा-सात वर्षांनंतर दोन्ही डोळ्यांत निळसर धुरकट झाक येते, ती बहुतेक वेळा वयाची; कुत्र्याला दिसत असतं, काही करायचं नसतं. खरा मोतीबिंदू पांढरा, आणि तो कुठल्याही थेंबांनी विरघळत नाही, जाहिरात काहीही म्हणो. कुत्रं पाणी फार पितंय, लघवी फार करतंय आणि काही आठवड्यांत डोळे पांढरे झाले तर आधी साखर तपासा. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना मोतीबिंदू होतोच.

घरी ठेवायला एक गोष्ट पुरे: मेडिकलवर मिळते ती सलाईनची बाटली, उघडल्यावर दोन-तीन दिवसांत टाकून द्यायची. धूळ गेली, चिपडं आली, तिनेच धुवा. गुलाबजल, तुरटी, मध, दूध, काजळ काहीही नको. डोळ्यात चुना गेला, मग तो तंबाखूच्या डबीतला असो की रंगाचा, तर सलाईन शोधत बसू नका. हापशाखाली किंवा नळाखाली धरा आणि वीस-तीस मिनिटं पाणी सोडा. कुत्रं ओरडेल, तरी सोडा. चुना धुतल्यावरही आत आत खात जातो, म्हणून मग लगेच दवाखाना. तिखट डोळ्यात गेलं तर तेवढंच धुवायचं, पण ते चुन्याइतकं घातक नाही.

भांडणात पग किंवा शित्झूचा डोळा खोबणीतून बाहेर आला तर आत ढकलू नका. मानेची कातडी धरून उचलू नका, त्यानेच डोळा आणखी बाहेर येतो. स्वच्छ फडका सलाईनमध्ये भिजवून डोळ्यावर धरा, फडका सुकू देऊ नका आणि गाडी काढा. दृष्टी परत येण्याची खात्री नाही, पण वेळेत पोचलं तर डोळा बहुधा वाचतो.

तुमच्याकडे परत येतो. अंबाजोगाईतल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच जा. तिसरी पापणी उचलून बघा आणि फ्लुरोसिनची पट्टी लावा, असं स्वतःहून सांगा. डॉक्टरांना राग येणार नाही. जाताना पंजाने चोळू नये म्हणून जुनी प्लास्टिकची बादली बूड कापून गळ्यात अडकवली तरी चालते. मिळतील ते थेंब टाकताना समोरून हात आणू नका, कुत्रं दचकतं. त्याला भिंतीच्या कोपऱ्यात बसवा, मागून हनुवटी वर करा, वरच्या पापणीवर अंगठा ठेवून थेंब वरून सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. आधी पातळ थेंब, मलम सगळ्यात शेवटी.